तीसपैकी अठ्ठावीस

“माले भ्याव वाटस. लिखी ल्या,” भिकुबाई म्हणाली. इतक्या मोठ्यांदा, की खाटांवरच्या सगळ्या बाया वळून बघू लागल्या.

डॉक्टरांनी कागदावर तीन गुण मांडले आणि पुढचा प्रश्न विचारला. झोप लागते का? डोळा मिटला की सुरी दिसते, ती म्हणाली. जेवण जातं का? घास खाली उतरत नाही. मरणाचे विचार येतात का? दुसरे येतच नाहीत. हे सांगताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पायथ्याशी उभा असलेला तिचा मुलगा लोटन कानकोंडा झाला. धानोऱ्याच्या शाळेत तो मास्तर होता. ही बाई त्याच्या ओळखीची नव्हती. विंचू चावला तेव्हा पायाला चिंधी आवळून हिने उरलेला कापूस वेचून संपवला होता. वडील गेले त्या वर्षी नांगर हिनेच धरला होता. आज सकाळीसुद्धा दवाखान्याच्या पायरीवर बसून दीड भाकरी खाल्ली होती. वय झालं, दुसरं काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

डॉक्टर त्या वर्षी, त्रेसष्ट साली, मुंबईहून नंदुरबारला आले होते. तरुण होते, हुशार होते. ऑपरेशनआधी माणसाच्या मनावर किती ताण आहे हे मोजलं, तर नंतर त्याला किती दुखेल ते आधीच सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी दहा प्रश्न काढले होते. प्रत्येकाला तीन गुण. ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यांना इंजेक्शन मिळे. दुसऱ्या दिवसापासून वीसच्या वर गुण असलेल्याला दर चार तासांनी दुखण्याची गोळी. दहाच्या आत असलेल्याला काही नाही. लागलीच तर त्याने मागावी. हे सगळं त्यांनी सकाळीच वॉर्डात सांगितलं होतं आणि नर्स मंगलाबाईने ते अहिराणीत समजावलं होतं.

शेजारच्या खाटेवर ब्राह्मणपुरीची रंजना होती. विशीची पोर, अपेंडिक्सचं दुखणं. तिचे गुण नुकतेच घेऊन झाले होते. दोन. उत्तरं तिचे सासरे चुनीलाल यांनीच दिली. आमच्या घरातल्या सुना कशाला भीत नाहीत, दुखलं तरी तोंडातून ब्र काढत नाहीत, असं ते ठासून म्हणाले. रंजना पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

भिकुबाईला मिळाले अठ्ठावीस. नाडी तेवढी बहात्तर भरली. डॉक्टरांनी ती दोनदा मोजली आणि हिची भीती आत दडली आहे, असं लोटनला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघींची ऑपरेशनं झाली. भिकुबाईचं हर्नियाचं होतं.

मग वॉर्डात एक नवंच प्रकरण सुरू झालं. भिकुबाई कण्हू लागली ती थांबेचना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून ती मंगलाबाईला हाक मारी.

“चार वाजी ग्यात. मन्ही गोळी?”

पाच मिनिटं उशीर झाला तरी ती भांडे. मंगलाबाई वैतागून गोळी तिच्या हातावर ठेवी, पाण्याचा पेला टेकवी आणि पुढच्या खाटेकडे जाई. बाया तोंडाला पदर लावून हसत. भिकुबाईला त्याचं काहीच वाटत नसे.

भेटीच्या वेळेला लोटन आला की मान वर करत नसे. शेजारी रंजना शांत पडलेली असे. चुनीलाल रोज येत आणि आधी मंगलाबाईला विचारत, सुनेने काही मागितलं का? नाही म्हटलं की सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “पाहिलंत?” लोटनला वाटे, आपल्या आईने या पोरीकडून चार गोष्टी शिकाव्यात.

तिसऱ्या दिवशी चुनीलालनी भिकुबाईलाच सुनावलं, की या वयात असा गोंगाट शोभत नाही, आमच्या बायका बघा.

भिकुबाई कोपरावर उठून बसली.

“तुम्हना घरना बायासले दुखस का, हाई कधी इचारं शे का?”

चुनीलाल तडक निघून गेले. लोटन खजील झाला. आईजवळ वाकून तो हळूच म्हणाला, की माय, जरा सोस, लोक हसतात, मला लाज वाटते.

“हसू दे. दुखस तर दुखस म्हनसू. लाज कसानी?” ती म्हणाली आणि पुन्हा घड्याळाकडे बघू लागली.

आठव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टर खुशीत होते. आतापर्यंतच्या वीस रोग्यांत या दोन खाटांइतका चोख पुरावा दुसरा नाही, असं त्यांनी लोटनला सांगितलं. अठ्ठावीस गुणांच्या बाईला प्रत्येक गोळी लागली. दोन गुणांच्या मुलीला एकही नाही. हा तक्ता ते मुंबईला आपल्या सरांकडे पाठवणार होते. भिकुबाईने ते लक्ष देऊन ऐकलं आणि मी आहेच भित्री, असं मान डोलवून कबूल केलं. निघताना रंजनाने उठून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पोर संस्कारी आहे, लोटनच्या मनात आलं.

मोटारीला अवकाश होता. स्टँडसमोरच औषधांचं दुकान होतं. आईला सावलीत बसवून लोटनने डॉक्टरांची चिठ्ठी काढली. आता तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. घरी दुखलं तर हाताशी असाव्यात म्हणून त्याने तिला विचारलं, की त्याच गोळ्या घेऊ का, गुण आला ना त्यांचा?

“मी काय जानू, भाऊ?” भिकुबाई म्हणाली. “मी एकबी खादी नही. रंजनाले मातर बरा गुन उना.”