तोकडी तार

“हितं ओट्यावरच बस की निवांत,” रंगनाथ म्हणाला. “वारं हाय, उजेड हाय. बाज टाकायला सांगतो.”

सम्राटनं लॅपटॉपच्या पिशवीतून फोनची तार काढून दाखवली. जेमतेम हातभर होती. “तार पुरत नाही, काका. फोन आत, मी बाहेर. कसं जमायचं?”

रंगनाथ विचारात पडला. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतूनच लागायचं, आणि पुणतांब्यात मोजक्याच घरांत फोन होता. रंगनाथचा फोन माजघरात, देव्हाऱ्याशेजारी, विणलेल्या रुमालाखाली मानानं बसलेला असायचा.

सम्राट सिंगापुरात नोकरीला होता. बहिणीच्या लग्नासाठी आला होता, पण काम बरोबर घेऊन. ते काम रोज तिकडची कचेरी बंद व्हायच्या आत इंटरनेटवरून पोचलं नाही, तर नोकरीवर पाणी सोडायचं, असं साहेबानं बजावूनच सुट्टी दिली होती. तिकडून आणलेल्या मोबाईलला इथं रेंज नव्हती. तो नुसती वेळ दाखवत होता, तीही सिंगापूरची. एसटीडी बूथवाला मीटरच्या तारेला हात लावू देईना. लग्न होईपर्यंतच्या चार दिवसांपुरता उरला तो रंगनाथचा फोन.

सम्राटचा बाप भीमराज ओट्याखाली उभा होता. रंगनाथच्या मळ्यात त्यानं कैक वर्षं सालगडी म्हणून काढली होती. तेव्हा त्याचा चहा ओट्यावर यायचा, वेगळ्या कपात, आणि तो कप बाहेरच्या कोनाड्यात राहायचा. पुढं कप गेला, चाकरी सुटली, ओटा मात्र राहिला. आत येऊ नकोस असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. ये असंही कुणी म्हणालं नव्हतं. रंगनाथ तसा वाईट माणूस नव्हे. माजी सरपंच. दर चौदा एप्रिलला भीमनगरात येऊन समतेवर भाषण ठोकायचा, आणि बरं ठोकायचा. पण भाषण भीमनगरात, घर घराच्या जागी.

“फोनच भायेर आणतो की,” म्हणत रंगनाथ आत गेला. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आला. “तारेचा डबा भिंतीत पक्का बसवलाय मेल्यांनी. दुकानातनं तार आणू का?”

“ही तार वेगळी असते. गावात नाही मिळायची.”

भीमराज घाईनं पुढं झाला. “सम्राट, जीपनं शिरामपूरला जाऊ. चल बाबा.”

“पोचेपर्यंत तिकडं कुलूप लागेल, दादा.”

एवढं बोलून सम्राट हातातली तार गुंडाळत तिथंच थांबला. ना चुळबुळ, ना आर्जव. भीमराज मनातल्या मनात चरफडला. नोकरी ह्याची चाललीय का माझी?

मग सम्राटच बोलला. “काका, फोन बाहेर येत नाही, तार वाढत नाही. आता मीच आत यायचा राहिलो. येऊ का? नाही म्हणालात तर लगेच जातो, राग नाही.”

रंगनाथ गडबडला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी सरळ विचारलंच नव्हतं. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. दारात उभ्या असलेल्या बायकोकडं, रतनबाईकडं पाहिलं. तिनं आत जाऊन फोनपुढचं स्टूल सरकवून जागा केली.

“ये,” रंगनाथ म्हणाला.

सम्राट चपला काढून आत गेला. त्यानं भिंतीतल्या डब्यातून फोनची तार काढली, आपल्या हातभर तारेची पिन तिथं खटक्यानं बसवली. लॅपटॉपमधून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला.

“आगं बया!” रतनबाई दचकली. “ह्यो कोन वराडतोय?”

“इंटरनेट लागतंय, काकू. दादा, जरा आत या. हा लॅपटॉप धरा.”

भीमराज जागचा हलला नाही. त्यानं रंगनाथकडं पाहिलं.

“बोलावतंय पोरगं तर जा की, भीमा,” रंगनाथ म्हणाला. “माझ्या तोंडाकडं काय बघतो?”

भीमराजनं पाय पुसले. पुन्हा पुसले. मग उंबरा ओलांडला. या घराला दर दिवाळीला त्यानं बाहेरून चुना दिला होता. आतल्या भिंती निळ्या आहेत, हे त्याला आज कळलं. लॅपटॉप छातीशी धरून तो त्या भिंतींकडं बघत राहिला.

काम वेळेत पोचलं. सगळ्यांचा चहाही तिथंच झाला, माजघरात, एकसारख्या कपांतून. निघताना रंगनाथ म्हणाला, “सकाळी ये परत. फोन काय पळून जातोय व्हय?”

घरी आल्यावर भीमराजनं बायकोला, भागिरथीला, सगळं रंगवून सांगितलं. “तार तोकडी निघाली म्हणून आज ह्ये झालं बघ,” तो म्हणाला. “नशीब आपलं!”

ऐकता ऐकता भागिरथी लेकाची पिशवी आवरत होती. तळाशी हात घालून तिनं करड्या तारेचं भलंमोठं भेंडोळं वर काढलं. “आन् ही रं कशाची?”

भीमराजनं ते हातात घेतलं. टोकाला तसलीच खटक्याची पिन होती. तो भेंडोळं उलगडत दारापर्यंत गेला, अंगण ओलांडून लिंबापर्यंत गेला. तरी तार संपेना. लिंबाखालून त्यानं लेकाकडं पाहिलं.

“आरं, ही तर त्यांच्या ओट्याच्याबी पार पल्याड गेली आसती की!”

“व्हय दादा,” सम्राट म्हणाला. “म्हनून तर न्हाई काढली.”