निकेशची प्लेट

दादाजीभाऊंनी डोशाचा दुसरा घास तोंडात घातला आणि समोरची खुर्ची सरकली. कय्यूम टेलर! सावली गावात भिंतीला भिंत लागून घर. चंद्रपूरच्या एवढ्या मोठ्या मॉलमध्ये, फूड कोर्टाच्या एवढ्या गर्दीत रिकामी खुर्ची त्याला नेमकी हीच सापडावी!

त्यांनी प्लेट पलीकडे सारली. आज एकादशी. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणारे दादाजी. "माह्यी एकादशी मोडली त टाळ खाली ठेवीन," असं देवळात सगळ्यांदेखत बोललेले. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवस गेला, तव्यावरच्या लोण्याचा वास आला आणि पाय वळले. इथे आपल्याला कोण ओळखतं, असं मनानं समजावलं होतं.

"निकेशची प्लेट हाये," ते घाईघाईनं म्हणाले. "हात धुवाले गेला."

नातू निकेश तर सावलीत, घरी होता.

"असू द्या ना भाऊ." कय्यूम बसला. त्याच्या ट्रेमध्ये पुलाव होता, पाण्याचा ग्लास होता. रोजे चालू होते. दादाजींना एकदम हायसं वाटलं. म्हणजे हाही आपल्याच वाटेचा!

"जेव ना बापा," ते डोळा मिचकावून म्हणाले. "इथी कोन कोनाले पाहून राह्यलं?"

कय्यूम नुसता हसला. हात मांडीवरच. काचेबाहेर उजेड विझत होता. मग त्याच्या मोबाइलवर अजान झाली. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि पहिला खजूर दादाजींपुढे धरला.

"घ्या भाऊ. खजूर तुमच्या उपासाले चालते. सकाळपासून उपाशी असान."

दादाजींनी हात पुढे केला. बोटांना सांबाराचा वास येत होता. देव सगळं पाहतो, असं बुवा म्हणत तेव्हा सगळ्यांत मोठा टाळ याच हातांचा वाजायचा. खजूर तळहातावर तसाच राहिला. आता सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात कय्यूमचा फोन वाजला.

"हां, बोल बेटा... आजोबा फोन उचलून नाई राह्यले? इथीच हायेत, माह्यासमोर. फोन पिशवीत असन त्यायचा." बोलता बोलता त्यानं कागदी रुमाल उलगडला आणि डोशाच्या प्लेटवर अलगद पांघरला. "नाई रे निकेश, काई नाई खाल्लं. आजीले सांग, कडक उपास हाये त्यायचा."