उद्घाटनाआधीचं दूध

दूध तापेना.

मोकळ्या मैदानावर सकाळचं वारं सुटलं होतं आणि छोटा गॅस पुन्हा विझला. विद्यापीठाचे क्रीडा संचालक निरंजन सर उकिडवे बसून काडीमागून काडी ओढत होते आणि वाऱ्याला शिव्या घालत होते. शेजारी सुमनताई पातेल्याकडे टक लावून बसल्या होत्या. त्यांची मुलगी वर्षाली स्पाइक्सचे बूट हातात धरून अनवाणी उभी होती. समोर नवाकोरा तांबडा ट्रॅक पसरला होता. त्यावर अजून एकही माणूस पळालेला नव्हता.

या ट्रॅकने दोन वर्षं सरांचं डोकं खाल्लं होतं. आंतरविद्यापीठ स्पर्धा इथे घ्यायची तर मापं, उतार, वळणं, सगळं नियमात बसायला हवं होतं. जुना मातीचा ट्रॅक उखडला. मग खडी आली तर रोलर नाही, रोलर आला तर पाऊस. वरचा थर बसला, तर पट्टे चुकीच्या मापाने आखलेले. ते खरवडून पुन्हा आखून घेताना सर ठेकेदाराशी हमरीतुमरीवर आले होते. शेवटी एकदाची तपासणी झाली, ट्रॅक पास झाला, आणि त्याच दिवशी फाटकाला कुलूप लागलं. कारण उद्घाटन बाकी होतं. मंत्र्यांची तारीख पुढे पुढे सरकत थेट स्पर्धेच्या दिवसावर येऊन थांबली. कुलसचिव हिंदुराव साहेबांचं एकच पालुपद: "उद्घाटनाआधी कुणीही पाय लावायचा नाही."

स्पर्धा सोमवारी होती. वर्षाली चारशे मीटर पळणार होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. जुना ट्रॅक उखडल्यापासून ती चाकणच्या सर्व्हिस रोडवर कंटेनरच्या धुरात सराव करत होती. तो रस्ता सरळसोट. शर्यतीत मात्र दोन वळणं, आणि वळणावर कसं झुकायचं हे तिचे पाय विसरून गेले होते. बाकीच्या विद्यापीठांच्या मुली आपापल्या ट्रॅकवर घोटून येणार. हिच्या दारात ट्रॅक, आणि ही मात्र थेट शर्यतीच्या दिवशीच त्यावर उतरणार. सरांचा नुसता जळफळाट होत होता.

काल झाडलोटीसाठी फाटक उघडलं, तेव्हा ते तिला घेऊन सरळ आत शिरले. "पळ. काय होईल ते मी बघतो."

वर्षाली ट्रॅकच्या कडेलाच थबकली. "उद्घाटनाआधी नको, सर. शर्यत तोंडावर आलीय. मनात पाल चुकचुकते."

सरांनी कपाळावर हात मारला. साहेबांशी भांडायची त्यांची तयारी होती, पण हिच्याशीही भांडावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"ट्रॅक आहे गं हा! देऊळ नव्हे!"

ती खाली मान घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, चऱ्होलीच्या आमच्या फ्लॅटची वास्तुशांत अजून बाकी आहे. पप्पांना कंपनीतून सुट्टीच मिळत नाही. आईनं दूध उतू जाऊ दिलं आणि आम्ही राहायला आलो. तेवढं चालतं."

"मग आण दूध!" सर ओरडले.

म्हणून आज झाडलोटीला फाटक उघडताच हा खटाटोप. सुमनताईंना गॅस अंतिम रेषेवर ठेवायचा होता. सर किंचाळलेच. शेवटी ट्रॅकबाहेरच्या सिमेंटच्या पट्टीवर तडजोड झाली.

आता कुठे ज्योत धरली, दुधावर साय दिसायला लागली, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. वॉचमनने फोन केला होता. हिंदुराव साहेब तरातरा आत आले. त्यांच्या मागे कुलूप घेऊन वॉचमन.

"काय चाललंय हे? विद्यापीठाच्या ट्रॅकवर स्वयंपाक?"

"ट्रॅकवर नाही, बाहेर आहे," सर उसळून म्हणाले. "ही पोरगी सोमवारी पळणार आहे, साहेब. तिला एकदा तरी वळण घेऊ द्या. मला मेमो द्या, नाहीतर घरी पाठवा. आता मला कशाचंच काही वाटत नाही."

"पत्रिका वाटून झाल्यात! मंत्र्यांच्या आधी कुणी पळालं तर उत्तर मी द्यायचं! बंद करा तो गॅस!"

कुणीच हललं नाही. सुमनताईंनी वर पाहिलं.

"दूध वर याया लागलंय, साहेब. बंद करायचा तर तुमच्याच हातानं करा. मला जमायचं न्हाई."

साहेब रागारागाने वाकले. त्यांनी गॅसच्या बटणाला हात घातला. नेमका त्याच क्षणी वाऱ्याचा मोठा झोत आला. ज्योत आडवी झाली, बारीक झाली, आता जाते की मग जाते अशी फडफडली. वर येणारं दूध पातेल्यात खाली बसायला लागलं.

साहेबांचा हात बटणावरून निघाला. इस्त्रीच्या पँटसकट त्यांनी सिमेंटवर बसकण मारली आणि कोटाची दोन्ही टोकं पसरून वारा अडवला.

"अहो, बघत काय बसलात? तिकडून आडोसा करा! विझता कामा नये!"

सर गुडघ्यांवर रांगत पलीकडे गेले. पाठीमागून वर्षालीने आईची शाल ताणून धरली. ज्योत उभी राहिली. दूध फुगलं, काठाशी आलं, आणि पातेल्याच्या अंगावरून फसफसत खाली उतरलं. सुमनताईंनी हळदीकुंकू वाहिलं आणि हात जोडले. साहेबांचेही हात आपसूक जोडले गेले होते.

ते उठले. कोटाला दुधाचे शिंतोडे उडाले होते. त्यांनी त्या मोकळ्या ट्रॅककडे पाहिलं, मग वर्षालीच्या अनवाणी पायांकडे.

वॉचमन पुढे झाला. "साहेब, सगळ्यांना बाहेर काढू? कुलूप लावू ना?"

साहेब त्याच्यावर खेकसले, "राहत्या घराला बाहेरून कुलूप लावतात होय रे?"