उजव्या कानामागची रेघ

बारा वर्षांचं टक्कल भरून आल्यावर सेवादासभाऊ दिग्रसच्या माझ्या दुकानात पहिल्यांदा कटिंगला बसले. नागपुरात केसांच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, त्यात त्यांनी नाव दिलं होतं.

"याआधी कोठं कापले, भाऊ?" मी विचारलं.

"कोठीच नाही. उगवल्यापासून कैचीच नाही लागली. काहून?"

टोकं ताजी कापलेली होती. उजव्या कानामागे रेघ जराशी तिरपी गेली होती. तशी फक्त माझ्या बाबांची जायची, ते डावखुरे होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"काही नाही," म्हणत मी कापड बांधलं आणि कैची घ्यायला फळीकडे वळलो.

मागून सेवादासभाऊ डोळे मिटून म्हणाले, "मारोती, तुहा हात बापासारखाच हलका हाय."

कापडावर केस पडत होते. कैची अजून फळीवरच होती.