पथ्याचं पान

सरकारनं बाजार खुला केला, माधव नगरात घरोघरी केबल आली, पण यज्ञेश्वररावांच्या ताटातली उकडलेली लौकी, म्हणजे दुधी, काही हटली नाही. आतड्याच्या जुन्या दुखण्यावर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं आणि बायको, चारुलताबाई, ते नेटानं पाळायला लावायची.

"शी! शेंबूड गिळल्यासारखं वाटतं. मेल्यावर तरी पानात कचोरी वाढ," ते तोंड वाकडं करून म्हणायचे.

ते गेले. पितृपक्षात मुलानं, अपूर्वनं, गच्चीवर त्यांच्या नावाचं पान मांडून आठवणीनं गरम कचोरी ठेवली. कावळा लगेच कठड्यावर येऊन बसला.



चारुलताबाईंनी झटकन कचोरी उचलली आणि लौकी वाढली. "अरे, ह्यांना बाधेल ना!"