एका आकड्याने पुढे

परदेशातून आलेल्या प्रमाणपत्रावर आठ लिहिलं होतं.

गुंजताईने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आठच. तिचा आकडा नऊ होता. गेली बावीस वर्षं हेच चाललं होतं. तिने चाळीस गाठले की तिकडे एकोणचाळीस, तिने जीव तोडून विसावर आणले की तिकडे एकोणीस. मोजण्यात जास्तीत जास्त किती चूक राहिली असेल, त्याचा हा आकडा. जितका तो लहान, तितका देश मोठा. त्या बलाढ्य देशाला एकदा, फक्त एकदा मागे टाकायचं, एवढ्यासाठी तिने डोळे झिजवले होते. गुंजभर चूकही हिला झोपू देत नाही, म्हणून तर कार्यालयाने तिला हे नाव ठेवलेलं. या महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती.

"पहिले पाढे पंचावन्न," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला रडू आलं.

तिकडून परत आलेली पेटी समोर होती. दरवर्षीचा रिवाज असा, की एक किलोचं वजन इथे मोजायचं, आपल्या आकड्यासह पेटीतून तिकडे पाठवायचं, आणि तिकडच्यांनी ते पुन्हा मोजून स्वतःचा आकडा कळवायचा. वजन प्रवासाला गेलं की मोजणीच्या खोलीला कुलूप लागायचं ते पेटी परत येईपर्यंत. आज तीन महिन्यांनी तिने ते काढलं. या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे. माणसाच्या श्वासाच्या उबेनेही इथला तराजू बिथरायचा.

तिने हातमोजे चढवले, लाखेचं सील फोडलं आणि झाकण उघडलं. आतला पातळ कागद तिच्याच घडीत होता. एक कोपरा आत दुमडायची तिची खोड, तो कोपराही तसाच. तिने कागद उचलला. मखमलीतला गोल खड्डा रिकामा होता.

वजन तिकडेच राहिलं की काय? मग तिची नजर कोपऱ्यातल्या, वजनं झाकून ठेवायच्या काचेच्या घंटेकडे गेली. घंटेवर पिवळं फडकं होतं, आणि फडक्याखाली काहीतरी चमकत होतं.

तीन महिन्यांपूर्वी पेटी भरून झाल्यावर तिला राहवलं नव्हतं. नवाचे आठ होतात का बघू, म्हणून तिने वजन परत बाहेर काढलं होतं. खड्ड्यात धूळ नको म्हणून कागद घडीसकट जागेवर ठेवला होता. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं, आणि ती धावली होती. शिपायाने मागे झाकण लावलं, सील केलं, पेटी रवाना केली, खोलीला कुलूप घातलं. परतल्यावर कुलूप पाहून तिलाही वाटलं, वजन आपण पेटीत ठेवलंच होतं. जाड लाकडाची पेटी ती, आत किलोभर कमी आहे हे कुणाच्या हाताला कळणार?

तिने फडकं ओढलं. वजन तिथेच होतं. अंगावर कोरलेला सतरा हा ओळखक्रमांक तिच्याकडे बघत होता. काखेत कळसा!

तिला हसू यायला हवं होतं. पण तिने कागदाची ती घडी पुन्हा निरखली. तिकडे रिकामी पेटी गेली होती. तिकडे ती कुणी उघडलीही नव्हती. आणि तरीही उत्तर आलं होतं, आठ.

एकोणचाळीस आले होते, तेव्हा तरी तिकडे कोणी होतं का?

"काय झालं ताई?" दारात साहेब उभे होते. खोलीच्या शिस्तीने तेही कुजबुजतच बोलले.

"साहेब, तिकडे कुणी मोजत नाही."

साहेबांनी पेटीकडे पाहिलं, वजनाकडे पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना सगळं समजलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ते मी कशी सांगू? पण म्हणजे आपण पुढे गेलो, साहेब. कदाचित केव्हाच गेलो."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. तिकडे कुणी नाही म्हणालो, तर इतकी वर्षं कुणाच्या मागे पळत होतात, असं लोक आपल्यालाच विचारतील." मग ते किंचित हसले. "आणि पुढे गेलो हे काय आज कळतंय? गेलो, म्हणून तर आता लोक आपल्याकडे पेट्या पाठवतात."

दाराबाहेरच्या फळीवर दुसरी पेटी होती. नुकत्याच डोकं वर काढणाऱ्या एका देशाकडून ती महिन्यापूर्वी आली होती.

"हिचं काम राहिलंय," ताई म्हणाली. "खोली बंद होती ना. उद्याच घेते."

"ते मिटलं की. तुमच्यामागे आधीच व्याप. त्यांनी स्वतःचा आकडा पंधरा लिहिला होता. मी चौदा लिहून कळवून टाकलं."

ताईला त्यांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. असंच कुणीतरी, असंच सहज, तिकडेही एकदा म्हणालं असणार.

तिने फळीवरची पेटी टेबलावर आणली आणि सील फोडलं. आतला कागद परक्या पद्धतीने, पण फार मायेने दुमडलेला होता. तिने तो दोन बोटांनी उचलला.

खड्डा रिकामा होता.

कुणी वजन विसरलं होतं, की मुद्दाम ठेवून घेतलं होतं? खोलीत मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी दोघांनी श्वास रोखून धरला होता.

"तुमचं चौदाचं पत्र तिकडे कधी पोहोचेल, साहेब?"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पोहोचलं असेल," ते म्हणाले.