दारात उतरवलेले कपडे

"फुप्फुसं एकदम स्वच्छ!" डॉक्टर म्हणाले, तसा निवृत्त मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. "जन्मभर पाइपांना अ‍ॅसबेस्टॉस गुंडाळलं, पण तोंडावरचा मास्क काढला नाही," त्याने फुशारकी मारली. शेजारी बायको पुन्हा खोकली. डॉक्टरांनी मान वर केली. "आजी, यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?" "मीच की! यांना घरात धूळ खपायची नाही. दारातच उतरवून हातात द्यायचे. मी गाणी म्हणत झटकायचे. पिठासारखं पांढरं उडायचं!" ती हसली. डॉक्टर हसले नाहीत. "ती धूळ छातीत रुतते. तुमचाही एक्स-रे काढू या." एक मास्क घरीही न्यावा, हे मिस्त्रीला सुचलंच नव्हतं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बायकोने स्वेटर उतरवून हातात दिला. "धरा, आता तुमची पाळी." स्वेटरवर पांढरं काही नव्हतं, तरी झटकायची त्याची हिंमत होईना.